काळ्या डोळ्यांच्या अचलनाथाच्या गांवीं

जपानचें प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे फुजि पर्वत, चेरीचा बहर, कामाकुरा येथील प्रचंड बुद्धमूर्ति आणि वाऱ्यासारखी धांवणारी आगगाडी या चार गोष्टी त्यांत आल्याच पाहिजेत, अशी वाचकांची समजूत झालेली आहे. आणि ती लेखकांनींच करून दिलेली आहे. या सर्व गोष्टी आम्हींहि पाहिल्या, आणि त्या पाहण्यासारख्या आहेत यांत शंका नाहीं. परंतु त्यांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आमच्या चार ओळींची भर पडून कोणाचें कांहीं अडलेलें सुटणार नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत टोकियो शहराच्या नैर्ऋत्य बाजूस असलेल्या मेगुरो नांवाच्या भागाविषयीं, आणि त्या भागांतल्या तालमींत नांवारूपास आलेल्या एका मल्लाविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. संस्कृताचा अभ्यास आणि लाथाबुक्क्यांची मारामारी यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. तो संबंध आम्हांसहि तेथें जाईपर्यंत ठाऊक नव्हता.

आमचा पुतण्या गेलीं बरींच वर्षें टोकियोंत संगणकाच्या धंद्यांत आहे. त्याचें बिऱ्हाड एदोगावा विभागांतील निशिकासाई येथें असून त्या भागांत हिंदी कुटुंबांची वस्ती एवढी आहे कीं, डाळ, पोहे, हिंग यांपैकीं कशाचीहि तेथें वाण पडत नाहीं. याच एदोगावा विभागाच्या सभेवर २०१९ सालीं योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. आमच्या वडील वहिनीहि तेथेंच मुलाजवळ राहतात. आम्ही जाऊन पोंचलों तेव्हां त्या घरांत एक वाद पेटलेला होता. पुतण्याचा मुलगा, वय वर्षें चौदा, यास किकबॉक्सिंग शिकावयाचें होतें. वडील 'बघूं' म्हणत होते, आई 'नाहीं' म्हणत होती, आणि आजी तर ऐकूनहि घेत नव्हती.

"ब्राह्मणाच्या मुलानें लाथा मारायला शिकायचें का, भावोजी?" असें वहिनींनीं आम्हांस विचारलें.

"वहिनी, द्रोणाचार्य कोण होते?"

"ते लाथा मारीत नव्हते," असें म्हणून त्या आंत गेल्या.

सूनबाईंचें म्हणणें मात्र असें थट्टेवारी नेण्यासारखें नव्हतें. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या तडाख्यांनीं मेंदूस कायमची इजा होते, हें आतां वैद्यकशास्त्रानें ठरविलेलें आहे; आणि आपल्या एकुलत्या मुलाच्या मस्तकावर कोणा परक्याचा पाय बसावा, हें कोणत्या आईस रुचेल? "काका, तुम्हीं त्याला समजावून सांगा. तुमचें तो ऐकेल," असें तिनें आम्हांस सांगितलें. नातवानें आमच्याकडे तक्रार केली नाहीं. तो एवढेंच म्हणाला, "आजोबा, तुम्ही आधीं माझ्याबरोबर मेगुरोला चला." आम्ही गेलों.

मेगुरो स्टेशन हें मेगुरो विभागांत नसून शेजारच्या शिनागावा विभागांत आहे, ही गंमत त्यानें गाडींतून उतरल्याबरोबर सांगितली. स्टेशनाच्या पश्चिमेस ग्योनिन-झाका नांवाचा एक उतार लागतो. तो इतका सरळ खालीं जातो कीं, आमच्या वयाच्या मनुष्यानें कठड्यास धरूनच उतरावें. उताराच्या मध्यावर दाइएन-जि नांवाचें लहानसें देऊळ आहे. १७७२ सालीं टोकियोस एदो म्हणत, त्या वेळीं याच देवळांत लागलेली आग शहरभर पसरली आणि हजारों माणसें मेलीं. त्यांच्या स्मरणार्थ कोरलेल्या दगडी मूर्ति एकावर एक पायऱ्यांनीं बसविल्या आहेत. कोणी हंसत आहे, कोणी गालावर हात ठेवून विचार करीत आहे, कोणाचें नाक पावसानें झिजून गेलें आहे. यांस जपानी लोक 'राकान' म्हणतात. 'राकान' म्हणजे आपला 'अर्हत्'. शब्द चीनमार्गें इतका लांबचा प्रवास करून आला कीं, वाटेंत त्याचा पहिला अकार गळून पडला!

उतार संपल्यावर मेगुरो नदी लागते. ती ओलांडून दहाबारा मिनिटें चाललें म्हणजे र्‍युसेन-जि नांवाचें मोठें देवस्थान येतें. परंपरेनें त्याची स्थापना इ. स. ८०८ मधील मानतात. लोक त्यास मूळ नांवानें ओळखत नाहींत. 'मेगुरो फुदो' म्हणतात. 'फुदो' म्हणजे जो हलत नाहीं तो, अचल. वज्रयान पंथांतील अचलनाथ ही देवता येथें अकराबाराशें वर्षें नांदत आहे. उजव्या हातीं खड्ग, डाव्या हातीं पाश, पाठीमागें ज्वाळा, बैठक खडकाची, आणि मुद्रा अशी उग्र कीं लहान मुलानें आईचा पदर धरावा. ही उग्रता द्वेषाची नव्हे. भक्ताचा आळस आणि मोह जाळण्यासाठीं देवानें धारण केलेली आहे, असें सांगतात. 'मे' म्हणजे डोळा आणि 'कुरो' म्हणजे काळा. जुन्या एदो शहराच्या रक्षणासाठीं काळ्या, पांढऱ्या, तांबड्या, निळ्या आणि पिवळ्या डोळ्यांचे असे पांच अचलनाथ मानले जात, त्यांपैकीं हा काळ्या डोळ्यांचा. पांढऱ्या डोळ्यांचा तो मेजिरो. त्याची गोष्ट पुढें येईल.

देवळाच्या पायऱ्यांच्या खालीं डाव्या हातास एक झरा आहे. ब्राँझच्या दोन सर्पाकार मुखांतून पाणी कुंडांत पडतें. त्यास 'तोक्को'चा धबधबा म्हणतात. तोक्को म्हणजे एकच टोंक असलेलें वज्र. एन्निन नांवाच्या आचार्यानें आपलें वज्र फेंकलें, तें पडलें तेथें पाणी निघालें, अशी कथा आहे. बाण मारून गंगा काढण्याच्या आपल्याकडील कथा ज्यानें ऐकल्या आहेत त्यास यांत नवीन वाटणार नाहीं. कुंडाजवळ अचलनाथाची एक दगडी मूर्ति असून भाविक लांब दांड्याच्या पळीनें तिच्यावर पाणी घालतात. आम्हींहि घातलें. नातू म्हणाला, "आजोबा, हा अभिषेकच ना?" आम्हीं म्हटलें, "मंत्र मात्र तूं म्हण."

मंत्र वर, गाभाऱ्यांत चालू होते. तेथें 'गोमा' चालला होता. हा शब्द ऐकून कोणासहि अर्थबोध होणार नाहीं, परंतु अग्नींत समिधा पडतांना पाहिल्या आणि आमच्या अंगावर रोमांच उभे राहिले. गोमा म्हणजे होम! पुरोहित ढोलाच्या ठेक्यावर जें म्हणत होते त्यांतला 'नोमाकु' म्हणजे 'नमः' आहे हें कानानें लवकरच ओळखलें. देवळांत ठेवलेल्या लांकडी पट्ट्यांवर सिद्धम् लिपींतील बीजाक्षरें शाईनें रेखलेलीं होतीं. आपल्या देशांत ती लिपि केव्हांच लोपली. येथें ती ब्रशाच्या फटकाऱ्यांनीं जिवंत आहे. बत्तीस वर्षें आम्हीं वर्गांत शब्द चालविले, आणि त्या शब्दांपैकीं कांहीं इतक्या दूर येऊन कुटुंबवत्सल झालेले आहेत, हें आम्हांस साठी उलटल्यावर कळलें.

देवळाबाहेर तांदळाच्या भाजलेल्या चकत्या विकणारा एक वृद्ध बसला होता. नातवानें त्यास जपानींत सावामुराचें नांव विचारलें. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. सोमवार संध्याकाळ सात, असें तो बोटें दाखवून म्हणाला. मग त्यानें सांगितलें कीं, तो आठ-नऊ वर्षांचा असतांना भिंतींतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यावर चढून, गुडघा पुढें काढून, खालच्या गाद्यांवर उडी घेत असे. एकदां धाकट्या भावावर पडला आणि बापाचा मार खाल्ला. हें सांगतांना त्यानें बसल्या जागेवरून गुडघा वर उचलून दाखविला. ज्या मल्लासाठीं त्यानें मार खाल्ला त्याची हकीकत आतां सांगतों.

सावामुरा तादाशि हें त्याचें रिंगणांतलें नांव. खरें नांव शिराहा हिदेकि. जन्म १९४३ सालच्या जानेवारींत मांचुरियांत झाला. तो प्रदेश तेव्हां जपानच्या ताब्यांत होता. पुढें टोकियोच्या निहोन विश्वविद्यालयांत असतांना कराटे या विद्येंत त्यानें विद्यार्थ्यांमध्यें मोठें नांव मिळविलें. त्याच सुमारास नोगुचि ओसामु नांवाचा एक खटपट्या गृहस्थ मेगुरोंत मुष्टियुद्धाचा धंदा करीत होता. त्याचा बाप सुसुमु नोगुचि हा स्वतः नांवाजलेला मुष्टियोद्धा होता. ओसामुचें बँकॉकास जाणें-येणें असे. तेथील मल्ल मुष्टींबरोबर पाय, गुडघे आणि कोंपर यांचाहि मारा करतात, तें पाहून हा प्रकार जपानांत आणला तर पैसा मिळेल, हें त्यानें हेरलें. १९६४ च्या फेब्रुवारींत कुरोसाकि, नाकामुरा आणि फुजिहिरा हे तीन कराटेपटु बँकॉकच्या लुंपिनी क्रीडागृहांत थाई मल्लांशीं लढले. दोघे जिंकले, वडील जो कुरोसाकि, तो हरला. त्या हाराची वार्ता विसरूं नये. तिच्यांतूनच पुढील एक मोठी गोष्ट निघाली.

येथें थोडें विषयांतर करण्याची परवानगी वाचकांनीं द्यावी. लुंपिनी म्हणजे लुंबिनी, भगवान् बुद्धाचें जन्मस्थान. ज्यानें मुंगीस दुखवूं नये म्हणून सांगितलें त्याच्या जन्मग्रामाचें नांव लाथाबुक्क्यांच्या आखाड्यास मिळावें, हा दैवाचा विनोद आहे. परंतु त्याच आखाड्यांत मल्ल लढण्यापूर्वीं वाद्यांच्या तालावर जें नृत्यासारखें नमन करतो त्यास 'वाय ख्रू' म्हणतात, आणि ख्रू म्हणजे गुरु. त्याच्या मस्तकावर जें कडें असतें तें 'मोंगकोन', म्हणजे मंगल. लढत सुरू होण्यापूर्वीं तें मंगल गुरु स्वहस्तें उतरवून घेतो. आमच्या तालमींतहि पोर मातीस हात लावून तो कपाळीं नेल्याखेरीज हौद्यांत उतरत नाहीं.

नोगुचीनें या नव्या खेळास 'किकबॉक्सिंग' असें इंग्रजी नांव दिलें. इंग्रजी शब्द दोन, खेळ अर्धा थाई, मल्ल जपानी. आणि आज तें नांव जगभर चालतें. पहिला जाहीर सामना १९६६ च्या एप्रिल महिन्यांत ओसाका येथें झाला. सावामुरा त्यांत उतरला आणि जिंकला. दुसरी मोठी लढत त्याच वर्षीं जूनमध्यें टोकियोच्या शिबुया भागांत, रिकिदोझान या प्रसिद्ध कुस्तीगीरानें बांधविलेल्या क्रीडागृहांत होती. समोर सामान सो आदिसोर्न हा कसलेला थाई मल्ल. कराटेच्या स्पर्धेंत प्रहार अंगास लागण्यापूर्वीं आवरावयाचा असतो; येथें आवरावयाचें कांहींच नव्हतें. थाई मल्लाच्या नडगीनें सावामुराच्या मांड्या आणि बरगड्या सडकून काढल्या. तो पडला, उठला, पुन्हां पडला. चौथ्या फेरींत लढत संपली तोंपर्यंत तो सोळा वेळां जमिनीवर आला होता, आणि तेथून त्यास इस्पितळांत न्यावें लागलें.

सोळा वेळां! आपल्या कुस्तींत पाठ एकदां लागली कीं संपलें. हरलेला धूळ झटकून घरीं जातो. हा आंकडा आम्हीं प्रथम ऐकला तेव्हां आम्हांस त्या मुलाचें कौतुक वाटण्याआधीं पंचांचा राग आला. बाविसतेविसाव्या वर्षांचें पोर सोळा वेळां पडूं देणें हा खेळ नव्हे. सूनबाई आमच्याबरोबर असती तर तिनें येथेंच वही मिटली असती, आणि आम्ही तिला दोष दिला नसता.

परंतु तो परत आला. इस्पितळांतून निघाल्यावर त्यानें पदवीच्या आणि कराटेच्या मानाच्या जोरावर दुसरा मार्ग धरला असता तर कोणी हंसलें नसतें. तो मेगुरोच्या तालमींत जाऊन नव्यानें शिकूं लागला. मार कसा द्यावा याच्याआधीं कसा घ्यावा हें शिकला. १९६८ पासून टीबीएस या कंपनीनें त्याच्या लढती दूरचित्रवाणीवर दाखविण्यास सुरुवात केली. त्याचा एक डाव सर्वतोमुखीं झाला: धांवत येऊन उंच उडी घ्यावयाची आणि हवेंतच गुडघा प्रतिस्पर्ध्याच्या हनुवटीवर द्यावयाचा. 'शिनकू-तोबि-हिझा-गेरि' असें त्याचें लांबलचक नांव. संस्कृतांत 'निर्वातोड्डाणजानुप्रहार' असा समास करतां येईल. नातवानें तो समास पाठ केला, आणि आजीस म्हणून दाखविला, तेव्हां तिला तें एखादें स्तोत्र वाटलें.

१९७० च्या ऑक्टोबरांत त्याच्या चरित्रावर 'किक्कु नो ओनि' म्हणजे 'लाथेचा राक्षस' ही मुलांसाठीं काढलेली चित्रमालिका सुरू झाली. जिवंत माणसावर अशी मालिका निघावी, यावरून त्याची लोकप्रियता किती होती तें दिसतें. १९७३ सालीं तर कळस झाला. बेसबॉलचा महान् खेळाडु ओ सादाहारु यानें त्या वर्षीं आपल्या खेळांतले तीनहि मुख्य मान एकट्यानें मिळविले होते; तरी धंदेवाईक खेळांतील वर्षाचें सर्वश्रेष्ठ पारितोषिक सावामुरास देण्यांत आलें. गंमत अशी कीं, नोगुचीचा दुसरा एक उद्योग गवयांना पुढें आणण्याचा होता, आणि त्याच वर्षाचें सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचें पारितोषिक त्याच्याच पदरीं असलेल्या इत्सुकि हिरोशि या गायकास मिळालें. एका माणसाच्या दोन्ही मुठींत त्या वर्षीं सगळें जपान होतें.

त्याच्या नोंदलेल्या लढती २४१. विजय २३२, आणि त्यांपैकीं २२८ प्रतिस्पर्ध्यास पाडून मिळविलेले. पराभव ५, बरोबरी ४. आतां वाचकांपैकीं ज्यांस गणिताची खोड आहे त्यांच्या मनांत जो प्रश्न आला असेल तो जपानांतल्याहि पुष्कळांच्या मनांत आला. दहा वर्षांत २४१ म्हणजे महिन्यास दोन लढती. मुष्टियोद्धा वर्षांतून चार-पांच वेळां लढला तरी त्यास पुरे होतें. मग हें शरीर कोणत्या लोखंडाचें? समोर येणारे सर्वच थाई मल्ल खरे लढत होते, कीं सोमवारच्या कार्यक्रमासाठीं कांहीं जण ठरवून पडत होते? आपल्या तालमींत ज्यास नुरा कुस्ती म्हणतात तसला प्रकार होता काय? होसोदा मासाशि या लेखकानें २०२० मध्यें नोगुचीचें विस्तृत चरित्र प्रसिद्ध केलें. त्याच्या नांवांतच सावामुरास हवेंत उडविणारा माणूस असा नोगुचीचा उल्लेख आहे, आणि त्या ग्रंथांत या प्रश्नास बगल दिलेली नाहीं.

आमचें मत विचाराल तर तें असें. २२८ मधील सगळ्या निखळ होत्या असें छातीस हात लावून सांगण्यास आम्ही तयार नाहीं. खेळावर जेव्हां दर आठवड्याची वेळ बांधली जाते, जाहिराती बांधल्या जातात, आणि एका मनुष्याच्या जिंकण्यावर शंभरांचीं पोटें अवलंबून राहतात, तेव्हां खोटेपणा घरांत शिरण्यास दार शोधावें लागत नाहीं. परंतु शिबुयाची ती जूनमधील रात्र कोणी रचलेली नव्हती. कोणताहि व्यापारी आपल्या नव्या मालाची पहिल्याच बाजारांत सोळा वेळां अशी नाचक्की करून घेत नाहीं. त्या रात्रीचा मनुष्य खरा होता, आणि पुढील दहा वर्षें ज्या शरीरानें महिन्यास दोनदां उजेडांत उभें राहावें त्या शरीरास बसलेले तडाखेहि खरे होते. समोरचा ठरवून पडला तरी पडण्यापूर्वीं मारतो.

१९७६ च्या जुलैंत तो शेवटचा लढला आणि १९७७ च्या ऑक्टोबरांत निवृत्ति जाहीर झाली. त्यानंतर जें झालें तें आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतें. प्रसिद्ध माणसें निवृत्त झालीं म्हणजे समालोचन करतात, हॉटेल काढतात, निवडणुकीस उभीं राहतात. सावामुरा दिसेनासा झाला. त्याच्याविषयीं वाटेल त्या अफवा उठल्या. वस्तुस्थिति अशी कीं, तो पुन्हां शिराहा हिदेकि झाला होता. मोटारींच्या दुरुस्तीच्या धंद्यांत त्यानें पोट भरलें, आणि मुलांस कराटे शिकविलें. आपल्या बाजूनें बोलावें, आक्षेपकांस उत्तर द्यावें, ही इच्छा त्यास झालीच नसेल असें नाहीं. परंतु ती त्यानें चव्हाट्यावर आणली नाहीं. २०२१ च्या मार्च महिन्याच्या २६ तारखेस फुप्फुसाच्या कर्करोगानें त्याचें निधन झालें. वय ७८.

चकत्या विकणाऱ्या म्हाताऱ्यास नातवानें हाच प्रश्न विचारला: त्या लढती खऱ्या होत्या का? म्हाताऱ्यानें आमच्याकडे पाहिलें, पुडीस दोरा बांधला, आणि म्हणाला, "माझा मार तर खराच होता." आणि दोन चकत्या जास्त घातल्या.

आतां पांढऱ्या डोळ्यांची गोष्ट. बँकॉकांत हरलेला कुरोसाकि केंजि यानें १९६९ सालीं स्वतःची तालीम काढली, तिचें नांव 'मेजिरो'. एक तालीम काळ्या डोळ्यांच्या अचलनाथाच्या नांवाची, दुसरी पांढऱ्या! कुरोसाकीची शिस्त अशी कडक होती कीं, तींत टिकले ते थोडे. टिकलेल्यांत फुजिवारा तोशिओ हा एक होता. त्याच्या नांवावर चित्रमालिका निघाल्या नाहींत, परंतु १९७८ च्या मार्चच्या १८ तारखेस टोकियोंतील कोराकुएन सभागृहांत त्यानें मोनसावान या थाई मल्लास चौथ्या फेरींत पाडून बँकॉकच्या राजादमनेर्न क्रीडागृहाचा विजेतेपदाचा पट्टा मिळविला. थायलंडबाहेरच्या माणसास तो मान त्यापूर्वीं कधींच मिळाला नव्हता. पुढें लौकरच बँकॉकांत त्यास तो गमवावा लागला. पण कुरोसाकीच्या चौदा वर्षांपूर्वींच्या हाराची फेड झाली ती झालीच. मेजिरोचा विस्तार तेथें थांबला नाहीं. यान प्लास नांवाच्या डच शिष्यानें ती विद्या हॉलंडांत नेली आणि १९७८ सालीं आमस्टरडाम येथें 'मेजिरो' नांवाचीच तालीम काढली. १९९३ पासून जपानांत के-वन नांवाच्या मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हां त्या गाजविल्या त्या मुख्यतः डच मल्लांनीं. अचलनाथ भारतांतून निघाला, चीनमार्गें जपानास गेला, आणि नांवापुरता का होईना, आमस्टरडामास जाऊन राहिला.

पुढील शनिवारीं आम्ही तिघे, पुतण्या, नातू व आम्ही, कोराकुएनास गेलों. हें नांव मूळ एका उद्यानाचें. १६२९ मध्यें मितो घराण्याच्या तोकुगावा योरिफुसानें तें करविण्यास आरंभ केला, आणि त्याचा मुलगा मित्सुकुनि यानें शु शुन्सुइ या चिनी पंडिताच्या सल्ल्यानें पुरें केलें. 'कोराकु' म्हणजे मागाहून सुख. राज्यकर्त्यानें प्रजेचीं दुःखें आधीं सोसावीं आणि सुख सर्वांच्या मागून घ्यावें, अशा आशयाच्या चिनी वचनावरून तें नांव पडलें. तळें, कमानदार पूल, आणि शेवाळलेले दगड. कुंपणापलीकडे मात्र बेसबॉलच्या क्रीडागृहाचा पांढरा घुमट फुगलेल्या पापडासारखा डोकावत असतो.

सभागृह उद्यानापासून थोड्याच अंतरावर, एका निळ्या इमारतीच्या पांचव्या मजल्यावर आहे. १९६२ सालीं तें उघडलें. आंत दीड-दोन हजार माणसें दाटीनें बसतात आणि रिंगण इतकें जवळ असतें कीं, मल्लाच्या नडगीवर नडगी आपटल्याचा आवाज ऐकूं येतो. तो आवाज कोरडा, लांकूड फोडल्यासारखा असतो. आम्हांस वाटलें होतें कीं, येथें आरडाओरडा आणि शिवीगाळ असेल. प्रेक्षकांत बायका होत्या, शाळकरी मुलें होतीं, डब्यांत आणलेला भात निमूटपणें खाणारे कारकून होते. लढत रंगली म्हणजे गलका होई आणि घंटा वाजतांच शांत होई. सातव्या कीं आठव्या लढतींत एक कोंवळा मुलगा दुसऱ्याच फेरींत डोक्यावर लाथ बसून आडवा झाला. कांहीं क्षण तो हलला नाहीं. आमचा हात आपोआप नातवाच्या खांद्यावर गेला. वैद्य आंत शिरले. मग तो उठून बसला, उभा राहिला, आणि लटपटत्या पायांनीं चारी दिशांस वांकून नमस्कार करून खालीं उतरला. नातू कांहीं बोलला नाहीं. परततांना जिन्यावर तोच मुलगा पायरीवर बसलेला दिसला. कपाळास बर्फाची पिशवी धरून त्याची आई शेजारीं उभी होती आणि त्यास रागें भरत होती. भाषा कळली नाहीं, परंतु राग कळला.

घरीं आल्यावर आम्हीं सूनबाईस पाहिलें तें सर्व सांगितलें, तो जिनाहि सांगितला. शेवटीं तिनें स्वतःच निर्णय दिला: विभागाच्या व्यायामगृहांत रविवारीं कराटे शिकावें, जेथें प्रहार अंगास लागण्यापूर्वीं आवरतात, रिंगणाची गोष्ट अठरा वर्षांचा झाल्यावर त्याची त्यानें ठरवावी, आणि तेव्हांहि आपण नाहींच म्हणणार आहों हें त्यानें लक्षांत ठेवावें. नातवास हें पूर्ण पटलें असें त्याच्या चेहऱ्यावरून दिसलें नाहीं. पण पहिल्या रविवारीं तो वेळेपूर्वीं अर्धा तास निघाला. वहिनींनीं त्याच्या पिशवींत दोन लाडू घातले.

ज्या वाचकांस टोकियोस जाण्याचा योग येईल त्यांनीं मेगुरो फुदोस महिन्याच्या २८ तारखेस जावें. त्या दिवशीं तेथें जत्रा असते. कोराकुएन उद्यान संध्याकाळीं पांच वाजतां बंद होतें, म्हणून सामन्यास जाणारांनीं तें आधीं पाहून घ्यावें. आणि सभागृहांतून उतरतांना घाई नसेल तर उद्वाहनानें न येतां जिन्यानें यावें. भिंतींवर अनेक वर्षांच्या रसिकांनीं आपापल्या मल्लांचीं नांवें लिहून ठेवलेलीं आहेत. आमचा नातू एकेका मजल्यावर थांबून आम्हांस तीं वाचून दाखवीत होता.